उंबऱ्यातली शिट्टी

त्या दिवशी स्वच्छ ऊन पडलं होतं, हेच मला सगळ्यात जास्त खटकत होतं. पूर येणार म्हटलं की आभाळ भरून यावं, वारा सुटावा, कुत्री रडावीत, अशी आपली एक समजूत असते. इथे दोरीवर चादरी वाळत होत्या आणि मी खिडकीपाशी शिलाई मशीनवर बसून शाळेच्या गणवेशांना बाह्या लावत होते. वर डोंगरात आठवडाभर पाऊस कोसळतोय, हे आम्ही नुसतं ऐकून होतो. मग तहसील कचेरीची जीप लाउडस्पीकर लावून गल्लीतून गेली. वरच्या तलावाचा बांध फुटलाय, पाणी निघालंय, तासाभरात नदीकाठच्या घरांत शिरेल, सगळ्यांनी टेकडीवरच्या शाळेत जावं.

जीप वळणावर दिसेनाशी व्हायच्या आत आमच्या उंबऱ्यात शिट्टी वाजली.

शिट्टी माझ्या सासूबाईंची. गावात त्यांना भोंगा म्हणतात. तोंडावर कुणी म्हणत नाही, पण त्यांना ठाऊक आहे आणि मनातून आवडतंही. काही वर्षांपूर्वी कचेरीने नदीकाठच्या प्रत्येक गावातून थोडी माणसं बोलावली आणि पूर आला, आग लागली, वादळ झालं तर घराने काय करायचं ते शिकवलं. बाकीचे जेवून, फुकटची टोपी घेऊन परत आले. आमच्या सासूबाई शिट्टी घेऊन परत आल्या आणि तेव्हापासून आमच्या घरातलं सुख संपलं.

दर महिन्याला एक तालीम. तीसुद्धा रविवारी, दुपारी, डोळा लागतो न लागतो तोच. कुणी कुरकुर केली की उत्तर ठरलेलं. "पाणी काय तुमची झोप झाली का विचारून येणार आहे?" शिट्टी वाजली की ज्याने त्याने आपापलं काम करायचं. नवऱ्याने विजेचं मुख्य बटण आणि गॅस बंद करायचा. मी पाण्याचे कॅन आणि सुक्या खाण्याची पिशवी उचलायची. सासऱ्यांनी कागदपत्रांचा पत्र्याचा डबा काखेत मारायचा. धाकटी नणंद, जिला आम्ही सगळे चिऊ म्हणतो, तिने शेळी सोडायची. शिवाय प्रत्येकाच्या पाठीला कपडे, औषधं, बॅटरी असलेली आपली आपली पिशवी. त्या पिशव्या मीच शिवल्या होत्या, जाड ताडपत्रीच्या, दुहेरी शिवणीच्या, आणि शिवताना सासूबाई डोक्याशी उभ्या राहून पट्टे ओढून बघत होत्या.

मग गल्ली ओलांडून समोरच्या पायऱ्यांनी टेकडी चढायची. वर शाळेच्या व्हरांड्यात पोचलं की सासऱ्यांनी लाल कापड हलवायचं. खालून, आमच्या उंबऱ्यातून, लांबलचक शिट्टी आली की तालीम संपली. आम्ही धापा टाकत खाली येईपर्यंत सासूबाईंचा चहा तयार असायचा आणि तोंडात घड्याळाचा हिशेब. "मागच्या वेळेपेक्षा उशीर. शेळी वेळेवर चढली, तुम्हीच मागे."

"यांचं बरं आहे," मी चिऊच्या कानात म्हणायचे. "उंबऱ्यात उभं राहून उंटावरून शेळ्या हाकायच्या." चिऊ फिसकन हसायची. शेजारचा गवंडी भिंतीवरून डोकं काढून विचारायचा, "काय वहिनी, आज कितीजण वाचले?" मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. पण हळूहळू गल्लीतल्या घरांनी आपापल्या पिशव्या भरल्या, गवंड्याच्या बायकोनेही भरली. सासूबाईंनी प्रत्येक घरात जाऊन, चहा न घेता, ओरडून ओरडून ते करून घेतलं. तहान लागल्यावर विहीर खणणाऱ्या गावात त्यांनी आधी विहीर खणायला लावली, एवढं श्रेय मी त्यांना देते. चिडत का होईना, देते.

तर त्या दिवशी शिट्टी वाजली आणि माझे हात आपोआप चालायला लागले. नवरा घरी नव्हता. तो लाइनमन आहे, बांधाची बातमी येताच खालच्या गावांची वीज तोडायला नदीपलीकडे गेला होता. पण तेही तालमीत ठरलेलं होतं. तो नसला तर बटण आणि गॅस माझ्याकडे. सासूबाईंनी कुणाचंच काही अधांतरी ठेवलं नव्हतं.

"गॅस?" उंबऱ्यातून आवाज आला.

"बंद."

"बटण?"

"बंद."

"डबा?" सासऱ्यांना कमी ऐकू येतं. पण प्रश्नांचा क्रम त्यांना पाठ होता, त्यांनी डब्यावर टिचकी मारून दाखवली.

"शेळी?"

"ही काय, माझी ओढणी खातेय," चिऊ म्हणाली.

"मग बघताय काय? निघा. मागे वळायचं नाही." मग माझ्याकडे हात पुढे केला. "तुझा खडू दे."

हेही नेहमीचंच. कचेरीने शिकवलं होतं की घर रिकामं झालं की दारावर मोठी फुली मारायची. म्हणजे नंतर बोटीतून माणसं शोधायला येणाऱ्यांचा वेळ जात नाही, फुली दिसली की ते पुढच्या घराकडे वळतात. सासूबाई त्यासाठी माझा कापड बेतायचा निळा खडू घ्यायच्या आणि तालीम झाल्यावर ओल्या फडक्याने फुली पुसायच्या. मी खडू त्यांच्या हातावर ठेवला, कॅन उचलले आणि पळाले.

पायऱ्यांवर सगळी गल्ली लोटली होती. कुणी धक्काबुक्की करत नव्हतं, आरडाओरडा नव्हता. पाठीला पिशव्या, हातात पोरं, आणि पायऱ्या उंच म्हणून सगळ्यांचे श्वास तेवढे ऐकू येत होते. तालमीला हसणारा तो गवंडी आपल्या म्हाताऱ्या आईला पाठुंगळी घेऊन आमच्या पुढे दोन दोन पायऱ्या चढत होता. दूर नदीच्या वळणामागे पिठाची गिरणी चालू असावी तशी घरघर होत होती. आमच्या गावात त्या बाजूला गिरणी नाही.

वर मुख्याध्यापक वर्गांची कुलपं काढत होते. आम्ही व्हरांड्यात पोचलो, मी कॅन खाली टेकवले, चिऊने शेळी खांबाला बांधली. सासऱ्यांनी सवयीने खिशातून लाल कापड काढलं आणि कठड्याशी जाऊन हलवलं.

खालून शिट्टी आली. लांबलचक, खणखणीत.

"वाजली!" चिऊ हसली. सासरे नेहमीप्रमाणे तिच्या तोंडाकडे बघत होते. त्यांना शिट्टी ऐकू येत नाही, चिऊ हसली की त्यांना कळतं. त्यांनी मान डोलावून कापडाची घडी घातली. माझाही जीव भांड्यात पडला. सगळं नीट झालं होतं, वेळेत झालं होतं. मी पाठीवरची पिशवी काढून मान मोकळी केली.

मग चिऊचं हसू तसंच तोंडावर राहिलं आणि डोळे मोठे झाले. "वहिनी," ती म्हणाली, "शिट्टी खालून आली."

"खालूनच येते की," असं मी म्हणायला गेले आणि ते पुरतं तोंडातून बाहेर पडलंच नाही.

पायाखालची वाळू सरकणं म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं. डब्याचं काम कुणाचं तरी होतं. गॅसचं होतं, पाण्याचं होतं, शेळीचंसुद्धा होतं. आईंना आणायचं काम कुणाचंच नव्हतं. इतक्या तालमी झाल्या आणि एकदाही त्या आमच्याबरोबर पायरी चढल्या नव्हत्या. मी पिशव्या शिवल्या त्यात त्यांची पिशवी नव्हती, आणि मी विचारलंही नव्हतं. मला वाटलं होतं, त्यांनी स्वतःसाठी काहीतरी वेगळं, जास्त चांगलं करून ठेवलं असेल.

"ती येतेय मागून," सासरे म्हणाले. आमच्या चेहऱ्यांवरून त्यांनी ओळखलं होतं. "दार ओढून येईल."

मी त्यांच्या कानाशी ओरडले, "बाबा, त्या घरातच आहेत! निघाल्याच नाहीत!"

ते अगदी हळू म्हणाले, "तिला पायऱ्या चढवत नाहीत."

"कधीपासून?"

"बरीच वर्षं झाली. गुडघे गेलेत. कुणाला सांगायचं नाही म्हणाली होती." त्यांनी डबा छातीशी धरला. "मला वाटलं, तिने स्वतःचं काहीतरी ठरवलं असेल. सगळ्यांचं ठरवलंय ना तिने."

चिऊ मटकन खाली बसली आणि आई आई करायला लागली. मला तिची दया यायला हवी होती, पण मला राग आला. तिचा आला, सासऱ्यांचा आला, आणि सगळ्यात जास्त त्या खाली शिट्टी फुंकत बसलेल्या बाईचा आला. मी चिऊचा दंड धरून तिला उभं केलं. "रडायचं ते नंतर रड. पायऱ्यांनी त्या येणार नाहीत, माझ्याने त्यांना उचलवणारही नाही. मी त्यांना गाडीरस्त्याने आणते. तू शेळीची दोरी सोडून घे, मिळेल तो माणूस पकड आणि त्या रस्त्याने खाली ये. कळलं?"

तिने मान हलवली. मी पायऱ्या उतरायला लागले तेव्हा वर चढणारे लोक मला वेडी समजून बाजूला होत होते.

खाली गल्लीत चिटपाखरू नव्हतं. दोरीवर आमच्या चादरी तशाच वाळत होत्या. आणि आमच्या दारावर निळ्या खडूने फुली मारलेली होती, मोठी, सरळ रेघांची. दार ओढून घेतलेलं होतं. क्षणभर मला वाटलं, गेल्या, कुठूनतरी निघून गेल्या, सुटलो. फुली म्हणजे घर रिकामं. मग आतून खोकला ऐकू आला.

सासूबाई माझ्या कापड बेतायच्या टेबलावर बसल्या होत्या. खाली खुर्ची होती, तिच्यावर पाय ठेवून कशाबशा वर चढल्या असणार. गळ्यात शिट्टी, मांडीवर पाण्याची बाटली. अर्धवट शिवलेले गणवेश त्यांनी नीट घडी घालून बाजूला ठेवले होते.

"तू परत का आलीस?" त्या कडाडल्या. "परत यायचं नसतं, किती वेळा सांगितलंय?"

"फुली कुणी मारली?"

"मी."

"घर रिकामं आहे का?"

त्यांनी मांडीवरच्या बाटलीचं झाकण घट्ट केलं.

"बोटवाले फुली बघून पुढे जातील, आई! तुम्हीच शिकवलंत ना हे आम्हाला? कुणी आत डोकावूनसुद्धा बघणार नाही!"

"सवयीनं मारली गं," त्या म्हणाल्या. पण हे बोलताना त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही.

मग माझं डोकं फिरलं. पाणी येत होतं, हातात वेळ नव्हता, आणि मी कमरेवर हात ठेवून भांडत होते. "एवढी वर्षं आम्हाला उन्हातान्हात टेकडीवर पळवलंत. शेळीची सोय केलीत. गवंड्याच्या म्हातारीची करून घेतलीत. स्वतःची नाही? याला काय म्हणायचं?"

"दिव्याखाली अंधार म्हण."

"विनोद नका करू! सांगायला काय झालं होतं?"

"सांगितलं असतं तर तुम्ही मला धरून धरून वर नेलं असतं," त्या म्हणाल्या. आवाज पहिल्यांदाच खाली आला होता. "प्रत्येक तालमीला दुप्पट वेळ. दोनदा तसं झालं असतं की तुम्हीच म्हणाला असतात, जाऊ दे, हे काही जमत नाही. आणि गाव? भोंग्यालाच टेकडी चढवत नाही म्हटल्यावर कुणी पिशवी भरली असती? माझं म्हटलं, खरं पाणी येईल तेव्हा बघू."

"आलंय. बघा आता."

मी खुर्ची सरळ केली आणि त्यांच्या काखेत हात घातला. त्या उतरल्या, दोन पावलं टाकली आणि दाराची चौकट धरून थांबल्या. चेहरा पांढरा पडला होता. मला तेव्हा समजलं की त्या उंबऱ्यात नेहमी चौकटीला टेकून का उभ्या असायच्या. आम्हाला वाटायचं, रुबाब आहे.

शेजारी गवंड्याच्या अंगणात वाळूच्या ढिगाशी त्याची एकचाकी ढकलगाडी पालथी पडली होती. मी ती सरळ केली, ढकलत दारात आणली. आत सिमेंटचे पोपडे धरले होते.

"मी यात?" सासूबाई म्हणाल्या. "सिमेंटच्या गाडीत?"

"मग काय पालखी मागवू?"

त्या बसल्या. पाय बाहेर लोंबत होते, हातांनी दोन्ही कडा धरल्या होत्या. मी दार ओढलं आणि रागाने फुलीवर हात फिरवायला गेले. "पुसू नकोस," त्या म्हणाल्या. "आता खरी आहे ती."

गाडीरस्ता टेकडीला वळसा घालून वर जातो. पण वर चढायच्या आधी तो ओढ्याकडे उतरतो, तिथे एक ठेंगणा पूल आहे, आणि मग चढ लागतो. नदी फुगली की पाणी आधी त्या ओढ्यात उलटं शिरतं, हे सगळ्या गावाला माहीत आहे. माझ्या मनात पूल सोडून दुसरं काही नव्हतं. एक चाक, दोन दांडे आणि पुढे माझ्यापेक्षा वजनदार बाई. दर खड्ड्याला गाडी कलायची आणि मी सगळं अंग टाकून सावरायचे. हाताच्या तळव्यांची सालं निघाली.

"ऐक," त्या पुढे बघत म्हणाल्या. "पुलावर पाणी असेल तर मला तिथेच ठेवायचं आणि मागे पळत जाऊन पायऱ्या धरायच्या. कबूल?"

"नाही."

"कबूल कर म्हणते ना."

"हात आत घ्या, चाकात जातील."

"तू पहिल्यापासून अशीच उद्धट."

"आणि तुम्ही पहिल्यापासून अशाच. गप्प बसा, मला श्वास पुरत नाही."

पुलावर पाणी होतं. फार नव्हतं, पातळ थर होता, पण तपकिरी आणि उलट्या दिशेने सरकणारा. ओढा नदीकडे जायच्या ऐवजी नदीकडून येत होता. त्यावर पेंढा, एक प्लॅस्टिकचं पिंप आणि कुणाची तरी चप्पल तरंगत आली. घरघर आता घरघर राहिली नव्हती, तिच्यात झाडं मोडल्याचे आवाज मिसळले होते. मी थांबले नाही. थांबले असते तर विचार केला असता. चाक पाण्यात घातलं आणि ढकलत सुटले.

मध्यावर एक फरशी निसटलेली होती. पाण्याखाली मला ती दिसली नाही. चाक त्या फटीत बसलं आणि गाडी जागच्या जागी अडकली. मी मागे ओढली, पुढे रेटली, दांडे उचलून हिसके दिले. पाणी घोट्यावर होतं ते पोटऱ्यांना लागलं.

"गाडी सोड," सासूबाई म्हणाल्या.

"नाही सोडणार!"

"अगं गाडी सोड म्हणतेय, मला नाही!"

त्यांनी कडेवरून स्वतःला खाली लोटलं. पुलाच्या कडेला हातभर उंचीचे दगड आहेत, त्यांना धरून त्या गुडघ्यांवर आणि हातांवर आल्या. ज्या गुडघ्यांनी एक पायरी चढवत नव्हती त्याच गुडघ्यांवर, फरशीवर, पाण्यात. पाणी ज्या बाजूला ढकलत होतं त्या बाजूला मी उभी राहिले आणि त्यांची कंबर धरली. त्या रांगायला लागल्या. त्यांच्या तोंडून जे आवाज येत होते ते मी कधी ऐकले नव्हते. हात पुढे, कण्हणं, गुडघा पुढे, कण्हणं. मला रडू येत होतं आणि मी तोंडाने मात्र ओरडत होते, "चला, चला, उशीर होतोय, शेळी वेळेवर चढली, तुम्हीच मागे!"

"घरी... चल," त्या धापा टाकत म्हणाल्या. "बघते... तुला."

पुलाचं टोक समोर होतं, पण पाणी माझ्या गुडघ्यांना लागलं आणि माझे पाय सरकायला लागले. पुढे रस्ता वळणाआड जातो, तिकडून कुणी येतंय का ते दिसत नव्हतं. मी हाका मारल्या, पण त्या गोंगाटात माझ्या हाका मलाच ऐकू येईनात. मग सासूबाईंनी दगडाला एका हाताने मिठी मारली, दुसऱ्या हाताने गळ्यातली शिट्टी तोंडात घातली आणि फुंकली. थांबून पुन्हा फुंकली. तालमीसारखी लांबलचक नव्हे, तुटक तुटक, कुत्र्याने भुंकावं तशी.

वळणावरून गवंडी धावत आला, मागून चिऊ, मागून सासरे. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं, पण ते आले होते आणि हातात अजून तो डबा होता. गवंड्याने शेळीची दोरी स्वतःच्या मनगटाला गुंडाळून आमच्याकडे फेकली. पहिल्यांदा ती पाण्यात पडली. दुसऱ्यांदा माझ्या हाताला लागली. मी ती सासूबाईंच्या काखेखालून घेऊन गाठ मारली, आणि तिकडून तिघांनी ओढलं. मी दोरी धरूनच मागे निघाले. आम्ही चिखलात जाऊन पडलो तेव्हा मागे काहीतरी आपटल्याचा आवाज झाला. ढकलगाडी कठड्याच्या दगडांवरून पलटी होऊन गेली.

"तुझी गाडी गेली रे," सासूबाई पडल्या पडल्याच म्हणाल्या.

"जाऊ द्या हो," गवंडी म्हणाला आणि पाठ करून बसला. "चढा. मघापासून हेच करतोय."

चढभर त्या त्याच्या पाठीवरून सूचना देत होत्या. डावीकडून घे, तिथे घसरतं, एवढ्या जोरात श्वास घेऊ नकोस, दम टिकव. गवंडी निमूटपणे ऐकत होता.

आम्ही व्हरांड्यात पोचलो आणि थोड्याच वेळात पाणी गल्लीत शिरलं. लाट वगैरे नव्हती. ते आलं आणि वाढत राहिलं. आता पायरीला लागलं असेल, आता उंबऱ्याला, आता दारावरच्या फुलीला, असं मी मनात म्हणत होते तोवर ते खिडकीत शिरलं. खिडकीच्या आत माझं मशीन होतं. मशीनच्या मागे ते टेबल होतं. पाणी खिडकीच्या वरच्या चौकटीपर्यंत गेलं आणि तरी वाढतच होतं. मी टेबलाची उंची मनात धरून बघत होते, आणि मग चिऊने माझे हात आपल्या हातांत घट्ट धरून ठेवले. नदीपलीकडून नवऱ्याचा फोन आला. तो सुखरूप होता. "आई?" त्याने विचारलं. "आहेत," मी म्हणाले.

सासूबाईंना मुख्याध्यापकांनी पहिलीच्या वर्गातला बाक आणून दिला होता. त्यावर त्या पाय लांब करून बसल्या होत्या, गुडघ्यांवर ओलं फडकं. इतकी वर्षं आम्हाला जिथे धाडलं ती जागा त्या तालमी सुरू झाल्यापासून पहिल्यांदाच बघत होत्या. कठडा, ज्याला शेळी बांधतात तो खांब. दोरी नेल्यामुळे शेळी मोकळी होती आणि मुख्याध्यापकांच्या कुंड्या खात होती.

"आपलं दार कुठलं?" त्यांनी विचारलं.

मी बोट दाखवलं. छप्पर तेवढं दिसत होतं.

"तालमीच्या वेळी इथून मी दिसत होते का?"

खोटं बोलायचं माझ्या जिवावर आलं. "नाही, आई. दार छपराच्या सावलीत जातं. नुसती शिट्टी ऐकू यायची."

त्यांनी छपराकडे बघितलं. "मला कापड दिसायचं," त्या म्हणाल्या. "ते दिसलं की मी आत जाऊन चहा टाकायचे."

सासरे इतका वेळ कठड्याशी उभे होते. ते आले, सासूबाईंच्या पुढ्यात उभे राहिले आणि खिशातून लाल कापड काढून त्यांच्या नाकासमोर हलवलं.

"आता कशाला?" त्या ओरडून म्हणाल्या.

"तालीम संपली नाही अजून."

सासूबाईंनी त्यांच्याकडे बघितलं, मग शिट्टीतलं पाणी झटकलं आणि फुंकली. लांबलचक. सासरे दचकून मागे सरकले, हात कानाशी गेला. वर्गांतून माणसं बाहेर आली.

"एवढी वाजते ही?" ते म्हणाले.

"इतकी वर्षं वाजवतेय मी."

"मला कुठे ऐकू यायची. मी चिऊच्या तोंडाकडे बघायचो." ते बाकावर त्यांच्या शेजारी बसले. डबा मांडीवर ठेवला, त्यांचा हात हातात घेतला आणि आमच्या सगळ्यांदेखत रडले. मग डोळे न पुसताच बरा कान त्यांच्याकडे केला.

"परत वाजव," ते म्हणाले.